‘ताई, तारीख हीच राहील ना?’

एमपीएससी, म्हणजे महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची परीक्षा, करायला पुण्यात नव्यानं आलेल्या पोरापोरींचे मला अधूनमधून फोन येतात. माझी पोस्ट निघाली नाही, म्हणजे निवड झाली नाही, पण पाच वर्षं पेठेत काढली, तेवढ्यावर गावाकडे मी जाणकार ठरले आहे. कुठली पुस्तकं वाचू, हे सगळे पहिल्याच मिनिटात विचारतात. खरा प्रश्न फोन ठेवता ठेवता येतो: ‘ताई, तारीख हीच राहील ना?’ पुस्तकांची यादी तुम्हाला अभ्यासिकेत कुणीही देईल. मी या दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहिते.

मी जिंतूर तालुक्यातली. परभणीला बीएस्सी केलं आणि जून 2018 मध्ये सदाशिव पेठेत कॉट घेतली, म्हणजे खोलीतली एका माणसाची जागा. कॉटचे 2500, मेसचे 2300, अभ्यासिकेचे 900. निघताना पप्पांनी एकच अट घातली होती, ‘दोन अटेम्प्ट दे. नाही झालं तर स्थळं बघू.’ मला अट चांगली वाटली. अटेम्प्ट म्हणजे एक वर्ष, असा आम्हा दोघांचा हिशेब होता. चुकलो ते तिथेच.

पहिला अटेम्प्ट 2019 चा. सीसॅटनं, म्हणजे पूर्व परीक्षेतल्या उतारे-गणिताच्या दुसऱ्या पेपरानं, खाल्लं. तेव्हा सीसॅटचे मार्क मेरिटला धरायचे, आता 33 टक्क्यांना पास झालं की पुरतं. त्या पेपराबद्दल अजून बोलावंसं वाटत नाही, म्हणून पुढे जाते.

दुसरी पूर्व होती 5 एप्रिल 2020 ला. मार्चमध्ये कोरोना आला, मेस बंद झाली, आम्ही मिळेल त्या गाडीनं गावी. मग तारीख 26 एप्रिल झाली. मग सप्टेंबर. मग 11 ऑक्टोबर. मग मराठा आरक्षणाला सुप्रीम कोर्टाची स्थगिती आली आणि ऑक्टोबरचीही गेली, ती थेट 14 मार्च 2021. बियाण्याच्या कंपनीचं एक जुनं कॅलेंडर होतं, त्याच्या पाठीमागे मी रिव्हिजनचं टाइमटेबल आखायचे. प्रत्येक तारखेला नवं पान. पानं संपली, परीक्षा झाली नाही. रेंज फक्त गच्चीवर यायची, तीही कोपऱ्यातल्या टाकीपाशी. पप्पा शेतातून आले की खालून विचारायचे, ‘झाला का गं तुझा अटेम्प्ट?’ नाही म्हटलं की गप्प हातपाय धुवायला जायचे. चिडले असते तर बरं वाटलं असतं.

फेब्रुवारी 2021 मध्ये परत पुण्यात आले. 11 मार्चला महाशिवरात्र होती. पेपर तीन दिवसांवर आलेला, आणि मोबाईल थरथरला: परीक्षा पुढे ढकलली. अभ्यासिकेत एकाच वेळी वीसएक खुर्च्या मागे सरकल्या, तो आवाज अजून आठवतो. सगळे आंदोलनाला शास्त्री रोडकडे निघाले, मीही गेले. रात्री रूमवर आले तेव्हा उपवास सोडायचाही राहून गेला होता. दुसऱ्या दिवशी नवी तारीख आली, 21 मार्च.

आता जे सांगते ते मी बरेच दिवस कुणाला सांगितलं नव्हतं. मला फुकटचे सात दिवस मिळाले होते आणि त्यातले चार मी टेलिग्रामवर घालवले. 21 ची 28 होणार का, कोर्टात कोण गेलं, कुठल्या जिल्ह्यात पेशंट वाढले. हातात राज्यव्यवस्था उघडी, डोळे मोबाईलवर. ग्रुपवरचा माणूस ‘आतली बातमी’ म्हणून लिहायचा आणि आम्ही तीनशे जण ती खरी की खोटी यावर तासभर घालवायचो. काहीतरी करतोय असं वाटायचं, अभ्यास होत नसायचा. आयोगाची अनिश्चितता वर्षातून चार वेळा येते. मोबाईलची दर दहा मिनिटांनी येते, आणि ती आपण स्वतःच मागवलेली असते.

जाहिरात निघते कशी, तेवढं समजून घ्या, निम्मे ग्रुप आपोआप सुटतील. आयोग स्वतःच्या मनानं जागा काढत नाही. आधी सरकारचे विभाग रिकाम्या पदांचं मागणीपत्र पाठवतात, त्यात आरक्षणाचा हिशेब बसवलेला लागतो, त्यावर जाहिरात येते. जाहिरात आल्यावरही शुद्धिपत्रकानं जागा वाढतात. कुठल्या विभागाची फाईल कुठे अडली, हे अभ्यासिकेच्या खाली चहा पिणाऱ्याला कळायचं काही कारण नाही, त्याचे तीन अटेम्प्ट झालेले असले तरीही. आयोगाची वेबसाइट दिवसातून एकदा, रात्री जेवण झाल्यावर बघा. पीडीएफ फॉरवर्ड होऊन आली तर तीच पीडीएफ साइटवर सापडेपर्यंत ती आलीच नाही असं समजा. जुन्या परिपत्रकावर नवी तारीख चिकटवलेली मी स्वतः दोनदा पुढे पाठवली आहे.

दुसरा सापळा पेपर झाल्यावरचा. संध्याकाळी क्लासवाल्यांच्या उत्तरतालिका येतात, आणि लगेच ग्रुपवर पोल: ‘तुमचा स्कोअर किती?’ जरा विचार करा, त्या पोलवर बोट कोण ठेवतं? ज्याला चांगले मार्क पडतायत तो. ज्याचा पेपर गेला तो मोबाईल उलटा ठेवून झोपलेला असतो. म्हणजे पोलवरचा कट ऑफ खऱ्यापेक्षा चढाच दिसणार. 2021 च्या त्या रात्री पोल बघून मी ठरवून टाकलं की आपलं गेलं, आणि मुख्यची पुस्तकं महिनाभर उघडली नाहीत. आयोगाची पहिली उत्तरतालिका येते, तिच्यावर हरकती जातात, काही प्रश्न रद्द होतात, मग अंतिम तालिका येते. निकाल लागला तेव्हा मी पूर्व पास होते. मुख्यला उरलेल्या वेळात काय होणार? पडले.

आता घरच्यांचं. ‘दोन अटेम्प्ट’ असं कबूल करू नका आणि करून घेऊ नका. माझ्या एका अटेम्प्टला जवळजवळ वर्षभर जास्तीचं लागलं, आणि ते वर्ष घरच्यांच्या दृष्टीनं मी ‘नुसती बसलेली’ होते. मुदत कॅलेंडरवरची घाला: अमुक साली जूनपर्यंत, परीक्षा होवो न होवो. वडिलांसमोर बसून घाला, पैशांचा आकडा बोलून घाला. मुलींनी तर नक्कीच, कारण मुलीच्या बाबतीत मोकळी राहिलेली मुदत नातेवाईक भरतात. मी जून 2022 म्हटलं होतं. ती मोडली आणि जून 2023 केली, पण मोडताना गावी जाऊन, समोर बसून विचारलं. पप्पा म्हणाले, ‘फोनवर सांगितलं असतं तर नाही म्हणालो असतो.’

शेवटच्या वर्षी सकाळी दीड तास टॅली आणि एक्सेलच्या क्लासला जायला लागले. अभ्यासिकेत कुजबुज झाली, हिनं मनातून सोडलं. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण तर दोन दिवस बोललीच नाही. मला मात्र रात्री झोप लागायला लागली. प्लॅन बी ठेवला की अभ्यासावरचं लक्ष उडतं, असं क्लासमध्ये छातीठोकपणे सांगतात. माझ्या बाबतीत उलटं झालं, सीसॅटचे उतारे घाबरून दोनदा वाचायची सवय त्याच वर्षी गेली. तरी पोस्ट निघाली नाही. काही मार्कांनी राहिली. किती ते सांगत नाही, नाहीतर तुम्ही त्यावरच बोलत बसाल. आज मी हडपसरला एका औषध वितरकाकडे हिशेब आणि स्टॉक बघते. मैत्रिणींच्या सत्काराचे फोटो इन्स्टावर आले की अजून पोटात कालवतं. लाईक करते, मग फोन ठेवून देते.

माझा मामेभाऊ सध्या नवी पेठेत आहे. गेल्या वर्षी, म्हणजे 2025 ला, त्याची पूर्व 28 सप्टेंबरला होती. मराठवाड्यात पावसानं हाहाकार केला आणि परीक्षा 9 नोव्हेंबरवर गेली. त्याचा लगेच फोन.

‘ताई, खरंय का?’

‘साइट बघितलीस?’

‘बघितली. आहे.’

‘मग खरंय. मामाचं सोयाबीन?’

तो थोडा वेळ बोललाच नाही. ‘पाण्यात आहे. बाबा म्हणतात, तू इकडचं बघू नको.’

‘दोन दिवस गावी जाऊन ये,’ म्हटलं. ‘तारीख पुढे गेलीच आहे.’ तो गेला. मामासोबत चिखलात उभा असलेला एक फोटो पाठवला, बाकी काही लिहिलं नाही.

9 नोव्हेंबरला संध्याकाळी परत फोन. ‘ताई, आन्सर की आलीय ग्रुपवर. माझी उत्तरं टॅली करू का?’

‘जेवलास का?’

‘नाही अजून.’

‘मेस बंद होईल. आधी जेवून ये.’