कथा-कादंबरीलेखनाचं मोजमाप: या चुका टाळा

रोजची शब्दसंख्या वहीत टिपायला सुरुवात करणारे बरेच जण दोन-तीन महिन्यांत ती वही मिटून ठेवतात. दोष आळसाचा असतोच असं नाही. पुष्कळदा मोजण्याची रीतच चुकलेली असते.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे पहिला खर्डा आणि पुनर्लेखन एकाच मापाने मोजणं. खर्ड्यात मजकूर वाढत जातो, म्हणून तिथे शब्दसंख्या चालते. पुनर्लेखनात 3,200 शब्दांचं प्रकरण 2,700 वर आलं, की वहीत उणे 500 पडतात. प्रत्यक्षात त्या दिवशी प्रकरण बांधेसूद झालेलं असतं. हा उणे आकडा नको म्हणून लेखक नकळत पाल्हाळ राहू देतो. म्हणजे मोजमापामुळे लेखनच बिघडतं. पुनर्लेखन प्रसंगांत मोजा: आज किती प्रसंग हातावेगळे झाले, किती वेळ लागला. काढलेला मजकूर पुसू नका, वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. मग कापताना हात आखडत नाही. नुसती पात्रांची टिपणं किंवा संदर्भवाचन झालं असेल, तर वेळ लिहा आणि शब्दांचा रकाना कोरा सोडा.

इंग्रजी लेखकांचं लक्ष्य जसंच्या तसं उचलू नका. एकोणिसाव्या शतकातले इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलप घड्याळ समोर ठेवून दर 15 मिनिटांना 250 शब्द लिहायचे, पण ते इंग्रजी शब्द. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात. ‘घरासमोरच्या झाडाखाली’ हे आपले दोन शब्द. एवढंच सांगायला इंग्रजीला आठ लागतात. रोज 1,000 चा हट्ट धरला, तर मराठी लेखक प्रत्यक्षात बराच जास्त मजकूर स्वतःकडून मागत असतो. अक्षरसंख्येवरही विसंबू नका. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरं साठवायच्या पद्धतीत, ‘स्त्री’ हे एक अक्षर सहा चिन्हांचं मोजलं जातं.

हाताने लिहीत असाल, तर भरलेली तीन पानं पूर्ण मोजून सरासरी काढा. पुढे नुसती पानं मोजली तरी पुरे. संवादाची पानं विरळ असतात, त्यामुळे तीनपैकी एक संवादाचं घ्या.

सुट्टीचे दिवस गाळून सरासरी काढणं ही चूक कादंबरी पूर्ण व्हायच्या अंदाजात भोवते. आठवड्यात पाच दिवस 600 शब्द लिहिले, तर 60,000 शब्दांना 100 दिवस लागतील असं वाटतं. कॅलेंडरवर ते 140 दिवस होतात. अंदाजासाठी किमान चार आठवड्यांची बेरीज करा आणि तिला कोऱ्या दिवसांसकट सगळ्या दिवसांनी भागा. रोजचं लक्ष्य ठरवताना मात्र सरासरी नको, कारण एखाद्या 2,200 शब्दांच्या दिवसाने ती फुगते. दिवसांचे आकडे चढत्या क्रमाने मांडून मधला आकडा घ्या.

आकडा आठवडाभर घसरला, तर आधी वेळेचा रकाना बघा. बसण्याची वेळच कमी झाली असेल, तर प्रश्न दिनक्रमाचा आहे. वेळ तेवढीच आणि शब्द निम्मे असतील, तर बहुधा पुढचा प्रसंग ठरलेला नाही. अशा वेळी लक्ष्य वाढवून काही साधत नाही. रोज उठण्याआधी पुढच्या प्रसंगात कोणाला काय हवंय आणि आड काय येतंय, हे दोन ओळींत लिहून ठेवा.