युरोपात व्हीलचेअर घेऊन फिरताय? मदत हक्काने कशी मागायची ते वाचा

युरोपची ट्रिप ठरली की घरात आधी व्हिसाची चर्चा होते, मग थंडीच्या कपड्यांची, आणि आईच्या गुडघ्यांचं काय करायचं हा विषय निघतो तो निघायच्या चार दिवस आधी. तो सगळ्यात आधी काढा. युरोपियन युनियनमध्ये विमान, रेल्वे, लांब पल्ल्याची बस आणि बोट, चारही ठिकाणी अपंग प्रवाशांना आणि ज्यांना नीट चालता येत नाही त्यांना मदत मिळणं हा कायद्याने दिलेला हक्क आहे आणि त्या मदतीचे पैसे कोणी मागू शकत नाही. फक्त ती वेळेत मागावी लागते आणि नेमकी काय हवी ते सांगावं लागतं, आणि आपली माणसं तिथेच अडतात कारण "कशाला उगाच लोकांना त्रास" ही आपली सवय.

विमानाचं आधी बघू कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो. कायदा आहे ११०७/२००६. त्यात मदत कोणाला मिळते ते वाचलं तर लक्षात येईल की कायमचं अपंगत्व, तात्पुरतं अपंगत्व, दिसायला-ऐकायला त्रास, बौद्धिक अपंगत्व आणि वय, हे सगळं धरलंय. म्हणजे ७५ वर्षांच्या बाबांना फ्रँकफर्टसारख्या एअरपोर्टवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालवत नसेल तर तेवढं कारण पुरतं, अपंगत्वाचा दाखला काढत बसायची गरज नाही. आणि ह्याचा खर्च कुठून येतो तर एअरपोर्ट सगळ्या प्रवाशांच्या संख्येवर एअरलाइनकडून ठराविक आकार घेतं, म्हणजे तिकीट काढणाऱ्या प्रत्येकाच्या पैशातून ही सोय चालते. उपकार कोणी करत नाहीये.

कुठल्या विमानाला हे लागू होतं? युरोपियन युनियनमधल्या एअरपोर्टवरून निघताना, तिथे उतरताना किंवा तिथे विमान बदलताना एअरपोर्टची मदत मिळते, मग एअरलाइन भारतातली असली तरी. मुंबईहून युरोपला जाताना मात्र एअरलाइनवरची बंधनं, म्हणजे अपंग आहे म्हणून बुकिंग नाकारता येणार नाही वगैरे, ही एअरलाइन युरोपियन असेल तरच लागू होतात. नॉर्वे, आइसलँड, स्वित्झर्लंडमध्येही हेच नियम चालतात, आणि ब्रिटनने बाहेर पडल्यावरही हा कायदा स्वतःच्या कायद्यात ठेवलाय.

आता मागायचं कसं. विमान सुटायच्या किमान ४८ तास आधी कळवायचं. त्याहून उशीर झाला तरी त्यांना शक्य तेवढे प्रयत्न करावेच लागतात, पण तेव्हा तुमची बाजू कमजोर होते. पुण्या-मुंबईच्या एजंटकडून किंवा टूर कंपनीकडून बुकिंग केलं असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा, निरोप घेऊन पुढे पोचवायची सक्ती युरोपातल्या विक्री केंद्रांवर आहे, आपल्या गल्लीतल्या एजंटवर नाही. तो "हो सर, टाकलंय" म्हणेल आणि खरंच टाकलंही असेल, तरी तुम्ही स्वतः पीएनआर देऊन एअरलाइनला ईमेल करा आणि उत्तर आल्याशिवाय सोडू नका. ते उत्तर मोबाईलमध्ये सेव्ह करा आणि एक प्रिंट हँडबॅगेत ठेवा.

ईमेलमध्ये नुसतं "व्हीलचेअर हवी" लिहू नका. एअरलाइनवाल्यांचे तीन कोड असतात आणि सगळी मदत त्यावर ठरते. डब्ल्यूसीएचआर म्हणजे माणूस जिने चढू शकतो, सीटपर्यंत चालत जाऊ शकतो, फक्त लांबचं अंतर झेपत नाही. डब्ल्यूसीएचएस म्हणजे जिने अजिबात जमत नाहीत पण विमानाच्या आत सीटपर्यंत चालता येतं. डब्ल्यूसीएचसी म्हणजे थेट सीटपर्यंत उचलून किंवा अरुंद खुर्चीवरून न्यावं लागतं. आपल्याकडे काय होतं, फोनवर विचारलं की "आई थोड्या पायऱ्या चढते हो" असं आपण सांगून टाकतो, मग पहिला कोड पडतो, आणि विमान गेटला न लागता लांब उभं असलं की आईसमोर शिडी येते आणि वर न्यायची लिफ्टची गाडी बोलावलेलीच नसते. घरात दोन पायऱ्या कठडा धरून चढणं वेगळं आणि हातात पर्स, मागे रांग, वारा सुटलेला असताना विमानाची शिडी चढणं वेगळं. वाईट दिवस धरून सांगा, चांगला दिवस धरून नाही.

टॉयलेटपर्यंत नेणं, इमिग्रेशन, सिक्युरिटी, सामान घेणं, कनेक्टिंग फ्लाइटपर्यंत पोचवणं, हे सगळं ह्या मदतीत येतं. वेटिंग एरियात बसवून कोणी निघून गेलं आणि टॉयलेटला जायचं असेल तर काउंटरवर जाऊन सांगा, लाजू नका. किती वाजता हजर राहायचं ते त्यांनी कळवलेलं असतं, नसेल कळवलं तर चेक-इनला विमानाच्या एक तास आधी किंवा टर्मिनलबाहेरच्या मदतीच्या पॉइंटवर दोन तास आधी हा नियम आहे, पण युरोपातून भारतात येताना तीन तास आधी पोचलेलं बरं.

स्वतःची व्हीलचेअर असेल तर ती फुकट जाते, माणशी दोन साधनांपर्यंत, इलेक्ट्रिक खुर्चीसुद्धा, पण ४८ तास आधी कळवून आणि विमानात जागा असेल तर. ईमेलमध्ये लांबी, रुंदी, उंची, वजन आणि बॅटरीचा प्रकार लिहा. लिथियम बॅटरी काढता येणारी असेल तर ३०० वॉट-अवरपर्यंतची चालते, दोन बॅटऱ्या असतील तर प्रत्येकी १६० पर्यंत, आणि काढलेली बॅटरी केबिनमध्ये सोबत घ्यायची. खुर्ची विमानाच्या दारापर्यंत वापरायची आहे असं सांगून ठेवा. देताना कुशन, जॉयस्टिक, पायपट्ट्या, जे काही सुटं होतं ते काढून केबिनमध्ये घ्या आणि चारही बाजूंनी फोटो काढा, चाकांचे जवळून काढा.

हे फोटो किती कामाला येतात ते आम्ही बघितलंय. सासूबाईंची खुर्ची एका विमानातून पुढचं छोटं चाक वाकून आली, आणि काउंटरवरच्या माणसाचं म्हणणं की आधीपासूनच तसं असेल. फोटोवर तारीख-वेळ होती, विषय संपला. खुर्ची मोडून आली तर एअरपोर्टच्या बाहेर पडू नका. बॅगेज काउंटरवर पीआयआर नावाचा रिपोर्ट करून घ्या आणि तेव्हाच तात्पुरती दुसरी खुर्ची मागा, ती देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे, फक्त अगदी तशीच मिळेल असं नाही. मग सात दिवसांच्या आत लेखी तक्रार. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासात सामानाच्या भरपाईला मर्यादा असते, २८ डिसेंबर २०२४ पासून ती १५१९ एसडीआर आहे, एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक. महागड्या इलेक्ट्रिक खुर्चीला ही रक्कम कुठेच पुरत नाही, आणि माणसाचे पाय मोडल्यासारखं असताना त्याला सुटकेसचा हिशोब लावणं हा मला ह्या सगळ्या व्यवस्थेतला सगळ्यात मोठा अन्याय वाटतो. उपाय एकच, चेक-इनच्या वेळी खुर्चीची खरी किंमत सांगून स्पेशल डिक्लरेशन करायचं, त्याला जास्तीचे पैसे मागू शकतात, आणि शिवाय वेगळा इन्शुरन्स काढायचा.

मदतच मिळाली नाही तर एअरपोर्टवर काय झालं ते एअरपोर्टला लिहा, विमानात काय झालं ते एअरलाइनला लिहा. समाधान नाही झालं तर त्या देशाच्या सरकारी यंत्रणेकडे जायचं, जर्मनीत ती लुफ्तफार्ट-बुंडेसआम्ट आहे. आणि अपंगत्वाचं कारण देऊन बसूच दिलं नाही तर लेखी कारण मागा, पाच कामाच्या दिवसांत द्यावं लागतं. सुरक्षेचे नियम किंवा विमानाचा, दाराचा आकार, ह्यापलीकडचं कारण चालत नाही.

रेल्वेचं सोपं आहे. २०२१/७८२ हा कायदा ७ जून २०२३ पासून लागू आहे, त्यात २४ तास आधी कळवायचं म्हटलंय, पण काही देशांना सुरुवातीला ३६ तासांची मुभा होती, म्हणून दोन दिवस आधीच कळवून टाका. जर्मनीत डॉइच बानचं ह्यासाठी वेगळं सेंटर आहे, ते प्लॅटफॉर्मवर लिफ्ट घेऊन माणूस उभा करतात. वेळ दिली नसेल तर अर्धा तास आधी ठरलेल्या जागी थांबा. सोबत माणूस हवाच अशी अट रेल्वेनेच घातली तर त्या सोबतच्या माणसाचं तिकीट फुकट, आणि स्टेशनवर अपंग माणसाला वापरता येईल असं तिकीट काढायचं काहीच साधन नसेल तर गाडीत तिकीट घेतल्याचा दंड किंवा जास्तीचे पैसे नाहीत. लांब पल्ल्याच्या बसला ३६ तास, बोटीला ४८.

शहरात फिरताना पॅरिसच्या मेट्रोवर भिस्त ठेवू नका. जुन्या स्टेशनांवर नुसते जिने आहेत, १४ नंबरची लाइन सोडली तर खुर्चीवाल्यांसाठी बसच बरी. आयफेल टॉवरवर व्हीलचेअर दुसऱ्या मजल्यापर्यंतच जाते. लूव्र म्युझियममध्ये अपंग व्यक्ती आणि सोबतच्या एकाला प्रवेश फुकट आहे, पुरावा म्हणून यूडीआयडी कार्ड, म्हणजे आपल्याकडचं सरकारी अपंगत्वाचं ओळखपत्र, जवळ ठेवा, त्यावर इंग्रजी असतं. हॉटेलला "ॲक्सेसिबल आहे का" विचारलं की सगळेच हो म्हणतात, त्यापेक्षा लिफ्टचं दार आणि बाथरूमचं दार किती सेंटिमीटर आहे ते विचारा, बाथरूमचा फोटो मागवा, आणि खुर्ची मोजताना हाताने फिरवायच्या रिंगा धरून मोजा, नाहीतर तीन-चार सेंटिमीटरसाठी दारातच अडकायला होतं.

दिसत नसेल आणि स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, वापरत असाल तर युरोपियन ॲक्सेसिबिलिटी ॲक्ट माहीत असू द्या. २८ जून २०२५ पासून तिकीट विकणाऱ्या वेबसाइट आणि ॲप, ऑनलाइन दुकानं, बँकांच्या सेवा, नवीन एटीएम आणि तिकीट मशीन सगळ्यांना वापरता येतील अशी असायला हवीत. जुन्या मशीनना मात्र वर्षानुवर्षांची सूट आहे आणि दहापेक्षा कमी माणसांच्या छोट्या सेवा-कंपन्याही वगळल्यात. बटण वाचता येत नसेल तर स्क्रीनचा व्हिडिओ काढून कंपनीला पाठवा आणि ह्या कायद्याचं नाव लिहा.

जे तिकडे राहतात त्यांच्यासाठी एक वेगळी गोष्ट. युरोपियन डिसॅबिलिटी कार्ड येतंय, एका देशात मिळालेलं कार्ड दुसऱ्या देशात थोड्या दिवसांसाठी गेलात तरी चालेल, देशांना ते ५ जून २०२८ पर्यंत सुरू करायचं आहे. भारतीय पासपोर्ट असला तरी कायदेशीर राहत असाल आणि त्या देशाने तुमचं अपंगत्व मान्य केलं असेल तर तुम्हीही ह्यात येता, टुरिस्ट व्हिसावर आलेल्या आई-बाबांना नाही मिळणार. म्हणून आधी स्थानिक नोंदणी करून घ्या, जर्मनीत श्वेअरबेहिंडर्टनआउसवाइस म्हणजे तिथलं अपंगत्वाचं ओळखपत्र, त्यासाठी अपंगत्वाची पातळी किमान ५० ठरावी लागते आणि डॉक्टरांचे रिपोर्ट जर्मनमध्ये असले तर काम लवकर होतं.