पालेभाजी रोज ताटात: निवडायची एकदा, खायची चार दिवस

घरात पालेभाजी कमी होते ती चवीपायी नाही, निवडण्याच्या कंटाळ्यापायी. संध्याकाळी सातला मेथीची पेंडी सोडून बसायची कुणाची तयारी नसते. म्हणून हे काम आठवडी बाजाराच्या दिवशीच उरकावं. मुळं कापा, पिवळी पानं काढा, पण धुऊ नका. जुन्या सुती कापडात गुंडाळून डब्यात घाला आणि फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. ओली ठेवलेली भाजी दोन दिवसांत काळी पडून चिकट होते. शेपू, चाकवत आधी संपवा. मेथी तीन-चार दिवस दम धरते.

धुताना मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घ्या आणि भाजी वरच्या वर उचलून काढा. पातेलं चाळणीत उपडं केलं की तळाची माती पुन्हा पानांवर येते. तीन पाणी तरी हवीत, पावसाळ्यात पाच. चिरायची धुतल्यावरच.

सगळ्यात झटपट म्हणजे घोळाणा. कोवळी मेथी दोन मुठी बारीक चिरा. त्यात एक कांदा, दोन चमचे शेंगदाण्याचं कूट, कांदा-लसूण चटणी, मीठ, चमचाभर कच्चं तेल. अर्धं लिंबू पिळलं तर चव येतेच, शिवाय पाल्यातलं लोह अंगी लागायला मदत होते. (जेवणावर लगेच चहा घेतला तर उलटं होतं.) कालवायचं मात्र भाकरी ताटात आल्यावर, आधी कालवलं तर मिठानं पाणी सुटतं. हरभऱ्याचा कोवळा पाला मुळातच आंबट, त्याला लिंबू नको.

पोरं पाला वेचून ताटाच्या कडेला लावत असतील तर गरगटं करा, वेचायला काही उरतच नाही. पाऊण वाटी तूरडाळ, मूठभर शेंगदाणे, पालकाची एक पेंडी आणि दोन हिरव्या मिरच्या कुकरला लावा, तीन-चार शिट्ट्या काढा. रवीनं घोटा, चमचाभर डाळीचं पीठ पाण्यात कालवून घाला आणि पाच मिनिटं उकळा. वरून आठ-दहा लसूण पाकळ्यांची लालसर फोडणी द्या. आंबटपणासाठी चुका घालायचा असेल तर वेगळा शिजवून मागाहून मिसळा. डाळीबरोबर लावला की डाळ टचटचीत राहते. चाकवतात ताक घालताना डाळीचं पीठ आधी ताकातच कालवा, आच मंद ठेवा आणि ढवळत राहा, नाहीतर ताक फाटतं.

डब्यासाठी धपाटे. दोन वाट्या चिरलेल्या मेथीला मीठ, तिखट, हळद, तीळ, ठेचलेला लसूण चोळून पाच मिनिटं ठेवा. मग दोन वाट्या शाळूचं पीठ आणि अर्धी-अर्धी वाटी कणीक व डाळीचं पीठ घाला. पाणी सगळ्यात शेवटी, हाताच्या अंदाजानं. सुरुवातीलाच ओतलं तर पाला आणखी पाणी सोडतो, पीठ सैल पडतं आणि धपाटं कापडाला चिकटतं. ओल्या कापडावर थापा, मध्ये भोक पाडून तेल सोडा. शेपू घालायचा तर अर्धीच वाटी, नाहीतर दुसरी कसलीच चव लागत नाही.

मेथीची सुकी भाजी कडू होते ती बहुधा जून पानांमुळे किंवा झाकण ठेवल्यामुळे. उघड्या कढईत मोठ्या आचेवर परता. मीठ भाजी खाली बसल्यावर घाला. आधी ढिगाच्या अंदाजानं टाकलं की खारट झालीच. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी पालक किती खायचा ते डॉक्टरांना विचारावं.

उरलेलं गरगटं सकाळी कणकेत मळा, त्याच्या पोळ्या मऊ राहतात. पाण्याचा थेंबही लागत नाही.