एका कंसापायी अडलेलं ईमॅक्स

ईमॅक्स हे मजकूर आणि कोड लिहायचं सॉफ्टवेअर शिकायला घेऊन जेमतेम आठवडा झाला होता. कंट्रोल-एक्स, मग कंट्रोल-एस म्हणजे सेव्ह, एवढं बोटांत बसलं आणि लगेच मला सजावटीची हौस आली. इकडून-तिकडून १०-१२ ओळी उचलून इनिट फाइलमध्ये, म्हणजे ईमॅक्स सुरू होताना वाचतं त्या सेटिंगच्या फाइलमध्ये, डकवल्या. दुसऱ्या दिवशी उघडतो तर थीम गायब, फॉन्ट मूळचाच, आणि ‘एंड ऑफ फाइल ड्युरिंग पार्सिंग’ अशी तक्रार. पुन्हा इन्स्टॉल केलं. उगाच! इनिट फाइल होती तशीच राहिली होती ना.

शेवटी टर्मिनलमधून ‘ईमॅक्स’पुढे उणे चिन्ह आणि कॅपिटल क्यू देऊन सुरू केलं. मग ते आपली इनिट फाइल वाचतच नाही. नीट चाललं, म्हणजे खोट माझ्याच ओळींत. तिथेच ती फाइल उघडून ऑल्ट-एक्स दाबलं, ‘चेक-पॅरेन्स’ चालवलं. कर्सर थेट ७व्या ओळीवर, न मिटलेल्या कंसाशी जाऊन थांबला. एक कंस टाकला, थीम परत.

आता एका वेळी एकच ओळ घालतो. तिच्या शेवटी कर्सर ठेवून कंट्रोल-एक्स, कंट्रोल-ई दाबलं की ती तिथल्या तिथे चालवून बघता येते.