बेअरिंगला ग्रीस पाजून मारू नका: जिनिंगमधल्या या चुका टाळा

दसरा-दिवाळीला कापूस यायला लागला की आमच्या जळगाव-धुळ्याकडच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधणाऱ्या फॅक्टरीत, दोनच वाक्यं ऐकू येतात. शेठ विचारतात, ‘‘आज गाठी किती?’’ आणि मशिनीचा आवाज बदललाय असं कुणी सांगितलं, तर मिस्त्री म्हणतो, ‘‘चालू शे ना भो, ऱ्हाऊ दे.’’ या दोन वाक्यांपायी किती बेअरिंगं, किती मोटरी आणि किती रात्री गेल्या, याचा हिशेब मी ठेवला नाही. चुका मात्र पाठ झाल्या आहेत, कारण दर सीझनला नवी पोरं येतात आणि चुका जुन्याच करतात.

पहिली ग्रीसची. ही माझी दुखरी नस आहे, त्यामुळे जरा लांबेल.

अमळनेरच्या बाजूला एका जिनिंगमध्ये होतो, नाव सांगत नाही. जुना लाइन शाफ्ट, म्हणजे मशिनी फिरवणारा लांब दांडा, त्यावर ओळीने प्लमर ब्लॉक, म्हणजे बेअरिंग बसवलेले लोखंडी ठोकळे. नवीन आलेला पोऱ्या आयटीआय पास, कामाला वाघ. मी ग्रीस गन त्याच्या हातात दिली आणि म्हणालो, ‘‘भरपूर दे, कंजुषी करू नको.’’ त्याने शब्द पाळला. दर पाळीला, प्रत्येक निप्पलला (ग्रीस भरायच्या तोंडाला), ग्रीस बाहेर दिसेपर्यंत पंप. जानेवारीत रात्रपाळीला एक ब्लॉक हात लावता येईना इतका तापला. गरम झालाय म्हणजे कोरडा पडलाय, असं समजून त्याने अजून ग्रीस मारलं. सील बाहेर आलं, ग्रीस ओघळलं, हवेत उडणारी रुई त्यावर बसत गेली आणि ब्लॉकला चांगली दाढी उगवली. पहाटे वॉचमनला जळका वास आला. ज्वाळा नव्हती, आत धुमसत होतं. रुईची आग अशीच असते. वरून पाणी मारलं की विझल्यासारखी वाटते आणि तासाभराने दुसरीकडून धूर निघतो. म्हणून आजूबाजूची सगळी रुई उकरून अंगणात नेऊन पसरली. दीड दिवस फॅक्टरी बंद.

ब्लॉक उघडला तर आत दोन रंगांचं ग्रीस, पिवळं आणि निळं. मधल्या काळात कुणीतरी स्वस्त मिळालं म्हणून दुसराच डबा आणला होता. ग्रीस म्हणजे साबणात धरून ठेवलेलं तेल. एका ग्रीसचा साबण लिथियमचा, दुसऱ्याचा कॅल्शियमचा, तर काही वेळा दोघांचं जमत नाही आणि मिश्रण ताकासारखं पातळ होतं. त्यात ब्लॉक गच्च भरलेला असला की गोळ्यांना फिरायला जागा राहत नाही, त्या ग्रीसच घुसळत बसतात. घुसळून ते तापतं, तेल निघून जातं आणि मागे खरवड उरते. बेअरिंगचा ट्रॅक, म्हणजे गोळ्या फिरतात ती वाट, तापून निळसर पडला होता. त्या पोराला मी सगळ्यांसमोर झापलं. ‘भरपूर दे’ म्हणणारा मीच होतो, हे त्या दिवशी कुणाला सांगितलं नाही.

आता माझी सवय अशी. प्लमर ब्लॉकच्या मोकळ्या जागेत एक तृतीयांश, फार तर निम्मं ग्रीस. गन लावण्याआधी निप्पल फडक्याने पुसायचा, नाहीतर कचरा आपणच आत ढकलतो. एक-दोन स्ट्रोक, बस. एका फॅक्टरीत एकच ग्रीस, डब्यावर रंगाने मोठी फुली. दोन्ही बाजूंनी सीलबंद बेअरिंगला ग्रीस द्यायचंच नसतं, तरी देणारे महाभाग आहेत. आणि ब्लॉक गरम लागला तर आधी शेजारचा ब्लॉक बघायचा. मार्चअखेरीला जळगावात हवाच चाळिशी गाठते, तेव्हा सगळेच गरम लागतात. त्याच ओळीतला एकटाच तापला असेल तर तो आजारी. तापमान मोजायची गन हजार-दोन हजारांत मिळते, पण ती घ्यायला शेठना तीन सीझन लागले.

दुसरी चूक डबल रोलर जिनवरची. रुई चामड्याच्या रोलरला चिकटून फिक्स नाईफखाली ओढली जाते आणि हलणारी नाईफ सरकीला ठोकून बाहेर पाडते, इतकं साधं काम. माल कमी निघाला की मिस्त्री पाना घेतो आणि फिक्स नाईफ रोलरवर दाबतो. तासभर आकडा वाढतो, मिस्त्री मिशीवर ताव देतो. मग रोलर तापतो, मोटर जास्त करंट ओढते आणि चामड्याची भुकटी रुईत जाते. हे चामडं क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं, ती भुकटी ना रुईत चांगली ना कामगाराच्या छातीत.

दाबण्याआधी माल कमी का निघतोय ते तरी बघा. बहुतेक वेळा रोलरचे चरे झिजून तो गुळगुळीत झालेला असतो. त्याला चरे पाडून घ्या, दाबून चरे उगवत नाहीत. नाहीतर कापूसच ओला असतो. डिसेंबरच्या थंडीत दहिवर पडलेला, किंवा वजन वाढावं म्हणून मधल्या माणसाने पाणी मारलेला. तो अंगणात पसरून उन्हं खाऊ द्या. मी मूठभर कापूस दाताखाली धरून सरकी फोडतो. कट्ट आवाज आला तर चालू, दबली तर परत अंगणात. मॉइश्चर मीटर आहे, पण तो ऑफिसच्या कपाटात असतो आणि किल्ली मुनीमजींकडे.

बाकीच्या चुका थोडक्यात.

ओव्हरलोड रिले (मोटरवर जास्त भार आला की ती बंद करणारा) सारखा पडतो म्हणून त्याचा काटा वर सरकवू नका. रिले खरं बोलतोय. मोटरच्या पंख्याची जाळी रुईने बुजलेली असेल, आधी ती साफ करा. जळलेल्या मोटरी दुरुस्त करणाऱ्या रिवायंडिंगवाल्याचं घर आपणच बांधून दिलंय.

बेअरिंग शाफ्टवर चढवताना बाहेरच्या रिंगवर हातोडा घालू नका. आतल्या रिंगला बसेल असा पाइप लावा. ठोकलेलं बेअरिंग त्याच दिवशी बोलत नाही, महिन्याने बोलतं.

गाठी दाबणाऱ्या प्रेसच्या हायड्रॉलिक पाइपला बारीक गळती असेल तर ती बोटाने शोधू नका. त्या दाबाचं तेल कातडीतून आत घुसतं, वरून नुसता ठिपका दिसतो आणि बोट कापायची वेळ येते. पुठ्ठा फिरवा.

मशिनीत हात घालण्याआधी फ्यूज काढून स्वतःच्या खिशात. ‘‘मी सांगितलंय त्याला’’ हे चालणार नाही, तो चहाला गेलेला असतो.

मोठं काम सीझनमध्ये काढू नका. आखाजी (अक्षय्य तृतीया) ते पोळा एवढा वेळ फॅक्टरी रिकामी असते, तेव्हा मशीन उघडायला सांगितलं की शेठ म्हणतात, ‘‘अजून लई वेळ शे.’’ मग पहिली गाडी गेटवर उभी आणि आम्ही जिनखाली.

व्ही-बेल्ट चारातला एक तुटला तर चारही बदला. नवा आखूड, जुने ताणलेले, सगळा भार नव्यावर येतो आणि तो आठवड्यात जातो. स्क्रू-ड्रायव्हरने ओढून चढवू नका, मोटर पुढे सरकवा. दिवसभर चालल्यावर पुन्हा एकदा ताण बघा. आणि उतरवलेले जुने बेल्ट खुंटीला टांगून ठेवू नका. टांगले की रात्री दोनला कुणीतरी तेच परत चढवतं. मी उतरवल्या उतरवल्या सुरीने कापून टाकतो, शेठ कितीही ओरडले तरी.