देवावर भरवसा ठेवायचा म्हणजे रोज नेमकं करायचं काय

देवावर भरवसा ठेव, हे मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, आपण इतक्यांदा ऐकतो की काही दिवसांनी ते कानावर पडतं पण आत पोचत नाही. सांगणारा मनापासून सांगतो, खोटं त्यात काहीच नसतं, पण उपासना संपवून घरी आलं की रिपोर्ट अजून यायचाच असतो, नोकरीचं काही कळलेलं नसतं, मुलगा धड बोलत नसतो, आणि मग प्रश्न पडतो की ठेवायचा म्हणजे आत्ता, या संध्याकाळी, मी करायचं तरी काय? त्याबद्दलच लिहितेय. माझं म्हणणं असं की शांत वाटायला लागलं की मग भरवसा ठेवू असं म्हणून थांबलात तर थांबूनच राहाल. भरवसा त्या त्या दिवसापुरता करायचा असतो, हाताने, तोंडाने, वहीत लिहून, फोन उचलून, आणि मन बऱ्याचदा मागाहून येतं.

सगळ्यात आधी दिवस लहान करा. पवित्र शास्त्रातल्या निर्गमच्या १६ व्या अध्यायात रानातून चाललेल्या इस्राएली लोकांसाठी मान्ना, म्हणजे आकाशातून दिलेलं अन्न, पडतो ती गोष्ट आपल्याला लहानपणापासून पाठ असते, पण त्यातला नियम नीट बघा. रोज सकाळी त्या दिवसापुरतं गोळा करायचं, उद्यासाठी ठेवायचं नाही, आणि ज्यांनी ठेवलं त्यांच्याकडे त्यात किडे पडले नि घाण वास सुटला. फक्त सहाव्या दिवशी दुप्पट, कारण सातवा विसाव्याचा. असं ४० वर्षं चाललं. म्हणजे देवाने एकदाच कोठार भरून दिलं नाही, रोज सकाळी दिलं, आणि लोकांना रोज सकाळी त्याच्याकडे बघायची सवय लागली. प्रभू येशूने शिकवलेल्या प्रार्थनेतही आपण आजचीच भाकर मागतो.

आता हे करायचं कसं तर सकाळी पाच मिनिटं बसा आणि कागदावर लिहा की ही जी काळजी आहे तिच्यातलं आज माझ्या हातात काय आहे. समजा रिपोर्ट शुक्रवारी येणार आहे. आज हातात काय, तर डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवणं, जुने कागद एका फाइलमध्ये लावणं, ऑफिसात सुट्टीचं सांगणं, बस. शुक्रवारी रिपोर्टमध्ये काय निघेल ते आजच्या यादीत बसतच नाही, मग त्याचं नाव घेऊन ते देवाला सांगा, प्रभू, शुक्रवार तुझ्याकडे, मी आज फोन करते. दुपारी परत मन तिकडे धावलं तर परत सांगा, दहा वेळा धावलं तर दहा वेळा सांगा, त्यात लाज वाटून घेण्यासारखं काही नाही. आणि याचा अर्थ पुढचं प्लॅनिंग करूच नये असा बिलकुल नाही, मिसर देशात योसेफाने सुकाळाच्या सात वर्षांत दुष्काळासाठी धान्य साठवलंच की, आणि तेही देवानेच सुचवलं होतं. प्लॅनिंग वेगळं आणि रात्री दोनला छताकडे बघत तीच तीच भीती उगाळणं वेगळं, हा फरक आपल्या आपल्याला कळतो.

मग प्रार्थना. आपल्यातल्या बऱ्याच जणांची प्रार्थना फार गुळगुळीत असते, सगळ्यांना आशीर्वाद दे, सगळ्यांना सांभाळ, आमेन, आणि जे आत खदखदतंय ते तसंच राहतं. येशूचा प्रेषित पौल याने फिलिप्पै शहरातल्या मंडळीला, फिलिप्पैकरांना, लिहिलं की कशाविषयी चिंता करू नका, तर प्रत्येक गोष्टीत आपली मागणी आभारासह देवाला कळवा, आणि हे त्याने बेड्यांमध्ये असताना लिहिलंय हे विसरू नका, आरामात बसून दिलेला सल्ला नाही तो. कळवा म्हणजे स्पष्ट सांगा. कशाची भीती वाटते, कोणाचा राग आलाय, किती पैसे कमी पडतायत, सगळं.

ज्यांना शब्दच सुचत नाहीत त्यांनी शास्त्रातल्या स्तोत्रांच्या पुस्तकातलं १३ वं स्तोत्र घ्यावं. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोन वचनांतच दावीद देवाला चार वेळा विचारतो, कुठवर? तू मला विसरणार कुठवर, तोंड लपवणार कुठवर. मग पुढे सरळ मागणी, माझ्याकडे बघ, मला उत्तर दे. आणि शेवटी, मी तर तुझ्या दयेवर भरवसा ठेवलाय, मी गाईन. आता एक गोष्ट बघा, चौथ्या आणि पाचव्या वचनाच्या मध्ये शत्रू पळाला किंवा संकट टळलं असं कुठेही लिहिलेलं नाही, परिस्थिती तीच आहे. तक्रार, मागणी, भरवसा हे तिन्ही एकाच प्रार्थनेत, एकाच तोंडून येतात. तर याच क्रमाने स्वतःचं लिहून बघा, चार ओळी पुरे. एखादी आई असं लिहील, "प्रभू, आमचं घर अजून किती दिवस असं गप्प राहणार. मी काही विचारलं की तो दार लावून घेतो. आज संध्याकाळी त्याच्याशी काय बोलू आणि काय बोलू नको ते मला सुचव. माझ्या आधीपासून तू त्याला ओळखतोस, तेवढं मी धरून राहते." झाली प्रार्थना. आणि एखाद्या दिवशी ती शेवटची ओळ लिहवतच नसेल तर ८८ वं स्तोत्र उघडा, ते तर अंधारातच संपतं, शेवटी उजेडाची एक ओळसुद्धा नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे आणि तेही देवाशीच बोलणं आहे. मला स्वतःला याचा फार धीर वाटतो.

दिवसभरात बसायला वेळच मिळत नाही अशांसाठी नहेम्याची पद्धत आहे. नहेम्या पारसाच्या राजाचा प्यालेबरदार होता. राजा त्याला विचारतो तुला काय पाहिजे, आणि उत्तर द्यायच्या आधी, तिथे उभ्या उभ्या, तो स्वर्गीय देवाची प्रार्थना करतो आणि मग बोलतो. किती वेळ मिळाला असेल त्याला, एक श्वास. पण त्याच्या आधी त्याने कितीतरी दिवस उपास आणि प्रार्थना केली होती हेही पहिल्या अध्यायात आहे, त्यामुळे फक्त एका श्वासाच्या प्रार्थनांवर कायम भागवू नका. मीटिंगच्या दारात, भांडणाच्या मध्ये, फोन उचलायच्या आधी एक वाक्य, आणि दिवसातून एकदा तरी निवांत.

वचनाबद्दल मात्र मला जरा जास्त बोलायचंय कारण इथे आपण धीर शोधतो आणि बऱ्याचदा अर्धाच घेऊन येतो. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं २९:११ घ्या. तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत, तुम्हाला भविष्य आणि आशा देण्याचे आहेत, हे वचन सगळ्यांच्या भिंतीवर आणि स्टेटसला असतं, आणि आपण ते वाचून समजतो की महिन्याभरात काहीतरी चांगलं होणार. पण तो सगळा अध्याय वाचा. ते एक पत्र आहे, बाबेलला (बॅबिलोनला) धरून नेलेल्या लोकांना यिर्मयाने पाठवलेलं. त्याच्या आधीच्या अध्यायात हनन्या नावाचा एक संदेष्टा लोकांना सांगतो की दोन वर्षांच्या आत सगळं परत मिळेल, आणि ते ऐकायला किती गोड असेल, पण ते देवाकडून नव्हतं. यिर्मयाचं पत्र म्हणतं ७० वर्षं लागतील. तोवर तिथेच घरं बांधा, मळे लावा, लग्नं करा, मुलंबाळं होऊ द्या, आणि ज्या नगरात तुम्हाला नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. म्हणजे ते पत्र ऐकणाऱ्या कितीतरी जणांनी परतीचा दिवस बघितलाही नसणार, तरी ते वचन त्यांना दिलं होतं. हे कळल्यावर वचन कमी होत नाही, उलट मोठं होतं, कारण ज्यांची गोष्ट दोन वर्षांत सुटत नाही त्यांनाही ते पुरतं. मनासारखं नसलेल्या जागी घर बांधणं, हाही भरवसाच.

म्हणून माझा एक आग्रह आहे, कोणतंही वचन मनाला लागलं की त्याच्या आधीची दहा आणि नंतरची दहा वचनं वाचा, कोण कोणाला आणि कुठल्या परिस्थितीत बोलतंय ते बघा, मगच पाठ करा. सुरुवात कुठून करायची असं कोणी विचारलं तर मी फिलिप्पैकरांस पत्र सांगते, चारच अध्याय, एका बैठकीत होतं. मग मार्क, येशूचं जीवन सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांत सगळ्यात छोटं तेच, १६ अध्याय. आणि सोबत रोज एक स्तोत्र. वर्षभरात अख्खं शास्त्र वाचायचा प्लॅन चांगलाच आहे पण दमलेल्या माणसाला तो झेपत नाही, आणि दमलेला माणूस मग मागे पडल्याचं ओझं घेऊन बसतो.

दमण्यावरून आठवलं, शरीराकडे लक्ष द्या, हे मी अध्यात्मिक सल्ला म्हणूनच देतेय. १ राजे या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात एलीया संदेष्टा जीव घेऊन पळतो, एका झुडपाखाली बसतो आणि म्हणतो पुरे झालं देवा, माझा प्राण घे. त्याच्या आदल्याच अध्यायात कर्मेल डोंगरावर देवाने त्याच्या प्रार्थनेला अग्नीने उत्तर दिलं होतं. आणि देव त्याला काय म्हणतो, तुझा विश्वास कुठे गेला? नाही. एलीया झोपतो, देवाचा दूत येऊन उठवतो, निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं ठेवलेलं असतं, खाऊन तो परत झोपतो, दूत परत उठवतो, खा, तुला लांब जायचंय. बोलणं सगळं नंतर, होरेब डोंगरावर, आणि तेही मंद, शांत आवाजात. तर रात्री बाराला, जेवण नीट न झालेलं असताना, आपला विश्वास किती उरलाय याचा हिशोब मांडत बसू नका. जेवा, झोपा, सकाळी बघा. आणि आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, जगावंसंच वाटत नसेल, तर डॉक्टरकडे किंवा समुपदेशकाकडे जा आणि घरातल्या कोणाला तरी आजच सांगा. गोळी घेतली म्हणजे विश्वास कमी असं म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता आणि पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो.

एलीयाला वाटत होतं मी एकटाच उरलोय. देवाने सांगितलं आणखी ७,००० आहेत, आणि शिवाय एक माणूस सोबतीला दिला, अलीशा. आपल्यालाही एक दोन माणसं लागतातच. पकडून नेण्याच्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभू येशूने आपले शिष्य पेत्र, याकोब आणि योहान यांना म्हटलं, माझ्याबरोबर जागे राहा. देवाच्या पुत्राने सोबत मागितली मग आपण कशाला संकोच करायचा? पण मागताना मोघम मागू नका. "प्रार्थनेत आठवण ठेवा" याला समोरचा हो म्हणतो आणि विसरतो, त्याचाही दोष नाही. त्यापेक्षा असं पाठवा, "ताई, उद्या सकाळी अकराला माझा इंटरव्ह्यू आहे, फार घाबरलेय, त्या वेळी दोन मिनिटं माझ्यासाठी प्रार्थना कराल का?" आणि संध्याकाळी काय झालं ते नक्की कळवा, वाईट झालं तरी. माणूस निवडताना एवढंच बघा की दुसऱ्यांच्या गोष्टी तो तुमच्यापाशी बोलतो का. बोलत असेल तर तुमचीही कुठेतरी बोलणार, प्रार्थनेच्या नावाखाली चर्चा होते हे आपण सगळ्यांनी बघितलंय. ऑनलाइन संदेश ऐका, जरूर ऐका, पण आज तुमचा चेहरा उतरलाय हे व्हिडिओतल्या माणसाला दिसत नाही, म्हणूनच इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या १० व्या अध्यायात एकत्र येणं सोडू नका असं सांगितलंय. आणि जो कोणी म्हणेल इतकं दान दे मग देव इतकं देईल, त्याच्यापासून लांब राहा.

दुसऱ्याला धीर देताना पण हेच. मुलंबाळं, संपत्ती, तब्येत सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र पहिले सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले, एक शब्द नाही, तोवर ठीक होतं, बोलायला लागले आणि बिघडलं. कोणाचं दुःख ताजं असताना तुमचा विश्वास कमी पडला असेल, काहीतरी पाप असेल, असलं तोंडातून काढूच नका. पौलाने शरीरातला काटा काढ म्हणून तीनदा विनंती केली, तो निघाला नाही, "माझी कृपा तुला पुरे आहे" हे उत्तर आलं. पौलाचा विश्वास कमी होता का? जा, बसा, घरातलं एखादं काम उचला, मुलांना शाळेतून आणा, आणि जायच्या आधी विचारा, प्रार्थना करू का? नको म्हटलं तर घरी जाऊन करा.

शेवटचं, एक वही ठेवा. शमुवेल संदेष्ट्याने दगड उभा करून त्याला एबन-एजर, म्हणजे साहाय्याचा दगड, असं नाव दिलं आणि म्हटलं इथवर परमेश्वराने आम्हाला साहाय्य केलं, इस्राएलाचा पुढारी यहोशवा याने यार्देन नदीतून १२ दगड उचलून आणवले की पुढे मुलांनी विचारलं तर सांगता यावं. आपण फार लवकर विसरतो, म्हणून तारीख घाला, मागणी एका ओळीत लिहा, खाली जागा सोडा. काही जागा भरतील, काही वर्षानुवर्षं रिकाम्या राहतील, त्या ओढूनताणून भरू नका, आणि फाडूही नका. त्या पानांपाशी मार्क ९ मधल्या त्या बापाचं बोलणं लिहून ठेवा, ज्याचा मुलगा आजारी होता आणि जो येशूला म्हणाला की माझा विश्वास आहे, पण माझ्या अविश्वासात मला मदत कर. येशूने त्याला परत पाठवलं नाही, मुलाला बरं केलं.

आणि चार दिवस काही लिहिलं नाही, वाचलं नाही, प्रार्थनाही झाली नाही, असं होणारच. तेव्हा राहिलेलं सगळं भरून काढत बसू नका, आजची तारीख घाला आणि आजचंच लिहा.