सिरोसिसचा पेशंट घेऊन गणपतीला गावी जाताना

कपडे, चार्जर, आरतीचं पुस्तक तुम्ही घ्यालच, त्यावर शब्द घालवत नाही. लॅक्टुलोजची बाटली घ्या, सिरोसिसमध्ये (लिव्हर कायमचं खराब होत जातं तो आजार) देतात ते पातळ औषध. बॅग भरायच्या आधी घ्या.

गेल्या गणपतीत बाबांच्या सगळ्या गोळ्या मी वारांप्रमाणे डबीत भरल्या आणि स्वतःवरच खूश झालो. पातळ औषध डबीत मावत नाही, म्हणून ते बाजूला काढून ठेवलं आणि ते डोंबिवलीला ओट्यावरच राहिलं. माणगावच्या कोंडीत लक्षात आलं. तेव्हा मी म्हणालो, "जाऊ दे, जुलाबाचंच तर आहे. चतुर्थी झाली की चिपळूणहून आणू."

चूक इथेच. आमच्या घरात त्याचं नावच 'पोट साफ व्हायचं औषध' पडलं होतं, त्यामुळे एखाददिवस चुकलं तर कुणाला काही वाटायचं नाही. आतड्यात अमोनिया तयार होत असतो. धडधाकट लिव्हर त्याचं युरियात रूपांतर करतं. सिरोसिसमध्ये ते नीट जमत नाही आणि अमोनिया रक्तातून मेंदूपर्यंत पोचतो. लॅक्टुलोज त्याला आतड्यातच अडकवून शौचावाटे बाहेर काढतं. हे डोक्याचं औषध आहे. बाटलीवर मार्करने तसं लिहून ठेवा, घरातल्या प्रत्येकाला दिसेल असं.

पहिल्या रात्री बाबा जागे राहिले आणि दिवसभर झोपले. प्रवासाचा शीण, आम्ही म्हटलं. दुसऱ्या दिवशी, जी आरती ते लहानपणापासून म्हणत आलेत, तिच्यात ते दोनदा अडखळले. दमले असतील, आम्ही म्हटलं. तिसऱ्या दिवशी पहाटे तीनला धोतर नेसून पडवीत उभे, "चला, विसर्जनाला उशीर होतोय." आईला काकी म्हणून हाक मारली. दवाखान्यात डॉक्टरांनी एकच विचारलं, पोट शेवटचं कधी साफ झालं? सात माणसं होतो आम्ही, एकालाही सांगता आलं नाही. एनिमा दिले, औषध सुरू केलं, माणसं नीट ओळखायला दोन दिवस लागले.

म्हणून हिशेब करा. बाबांना दिवसातून तीन वेळा ३० मिली, म्हणजे दिवसाला ९०. २०० मिलीची बाटली सव्वादोन दिवसांत संपते. सात दिवसांना ६३० मिली, आणि कोंडीचा, आग्रहाने वाढलेल्या मुक्कामाचा धरून चार बाटल्या. गावात मिळेल या भरवशावर राहू नका, चतुर्थीला दुकान उघडं असलं तरी तिथे हेच असेल असं नाही. दोन बाटल्या बॅगेत, दोन पायाशी. झाकण फिरवून वरून पिशवी बांधा, सांडलं की पाकासारखं चिकटतं. तुमच्या पेशंटचा डोस वेगळा असेल. लक्ष्य साधारण एकच, दिवसाला दोन-तीन वेळा मऊसर शौच. त्याहून कमी झालं तर डॉक्टरांना विचारून डोस वाढवायचा. पाण्यासारखे जुलाब लागले तरी फोन करायचा, कारण अंगातलं पाणी घटलं तरी भ्रम होतो. वही घाला आणि किती वेळा झालं ते लिहा. लाज कसली त्यात.

आता खरी गोम. बाटली सोबत असली तरी पेशंट प्रवासाच्या दिवशी ती घेत नाही, रस्त्यात संडास कुठे शोधायचा म्हणून. रेल्वेचं तिकीट मिळालं तर रेल्वेने जा. नाहीतर थांबे आधी ठरवा आणि डोसच्या वेळा त्यांच्याशी जुळवायच्या का ते डॉक्टरांना विचारा. डोस गाळू मात्र द्यायचा नाही. आणि रोज सकाळी त्यांना वहीत सही करायला लावा. सही वेडीवाकडी झाली, हात पुढे ताणल्यावर पंजे फडफडले, रात्रीची झोप दिवसावर गेली, तर 'दमले असतील' म्हणू नका.

वळणांवर गाडी लागू नये म्हणून मिळणाऱ्या गोळ्यांनी गुंगी येते, झोपेच्या गोळ्यांचंही तेच. डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. अंगदुखीला आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक अजिबात नाही. कुणीतरी काका खिशातून काढून देतातच.

मिठाचं सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी पाळत नाही. दिवसाला साधारण ५ ग्रॅम, म्हणजे एक लहान चमचा, आणि लोणचं, पापड, सुकी मासळी यातलं मीठही त्यातच आलं. कुणी हौसेने कमी सोडियमचं मीठ आणेल. त्यात पोटॅशियम असतं, आणि सिरोसिसमध्ये पोटात साठणाऱ्या पाण्यासाठी स्पायरोनोलॅक्टोनची गोळी चालू असेल तर तेही रक्तात पोटॅशियम वाढवतं. परत करा. वजनकाटा न्या. आठवड्यात दोन किलो चढलं तर फोन.

नैवेद्य दाखवेपर्यंत कुणी खायचं नाही, ही आमच्याकडची रीत. बाबांना त्यातून वगळलं, आत्या अजून रुसलेली आहे. सिरोसिसमध्ये लिव्हरकडे साखरेचा पुरेसा साठा नसतो, जास्त वेळ उपाशी राहिलं की शरीर स्नायू खायला लागतं. रात्री झोपताना काहीतरी खायला द्या. डाळ, दूध, अंडं बंद करू नका, तो जुना समज आहे. गौरी गेल्यावर वाड्यात कालवं आली तर कच्ची-अर्धकच्ची त्यांच्या ताटात नकोत. "घेत होते का हो?" हे प्रत्येक घरी विचारतील. बाबांनी थेंब घेतलेला नाही, लठ्ठपणा आणि साखर यांनीही लिव्हर असं होतं. उत्तर पाठ करून जा, किंवा देऊ नका.

काळं डांबरासारखं शौच, रक्ताची उलटी, पोटात पाणी असताना ताप किंवा पोटदुखी, यातलं काही दिसलं की आरती सोडून निघायचं. त्यासाठी एंडोस्कोपीची (तोंडातून दुर्बीण घालून तपासायची) सोय असलेलं जवळचं हॉस्पिटल आधीच शोधून नंबर लिहून ठेवा. शेवटचे रिपोर्ट, बँडिंग (अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा रबराने बांधणं) झालं असेल तर केव्हा झालं तो कागद, औषधांची यादी एका फाइलमध्ये.

बाकी छत्री, टॉर्च वगैरे तुमचं तुम्ही बघा.

परतीला हेच सगळं. उरलेल्या बाटल्या गावच्या फ्रीजवर राहतात, गाडी सुरू करण्याआधी एकाला आत पाठवा.